बोलताना 'खूने', लिहिताना 'खाने'

इराणमध्ये पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवताना एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या समोर येतं: 'बाबा आब दाद'. बाबांनी पाणी दिलं. अलिफ, बे आणि दाल या तीन अक्षरांत अख्खं वाक्य बसतं, म्हणून ते अगदी सुरुवातीला. पुढे अक्षरं वाढत जातात आणि कधीतरी 'खाने' हा शब्द येतो. खाने म्हणजे घर, आपल्या कारखाना-दवाखान्यातला 'खाना' तोच. तेहरानमधलं सहा वर्षांचं मूल इथे अडत नाही. टोरंटोतल्या शनिवारच्या फारसी वर्गातलं नऊ वर्षांचं मूल मात्र इथे थांबतं. त्याने अक्षरं बरोबर लावलेली असतात, 'खाने' असा उच्चारही केलेला असतो, आणि तरी हे काय आहे ते त्याला कळत नाही. बोलायला लागल्यापासून तो घराला 'खूने' म्हणत आलाय. आईबाबा, आजी, फोनवरची मावशी, सगळ्यांच्या तोंडी खूनेच.

तेहरानच्या मुलाच्या घरीही खूनेच म्हणतात. फरक इतकाच की त्याच्या कानावर बातम्या, रेडिओ, गोष्टीची पुस्तकं, शाळेतल्या बाई यांतून 'खाने'ही दिवसभर पडत असतं. परदेशातल्या मुलाच्या कानाला फारसीचं एकच रूप मिळालेलं असतं, स्वयंपाकघरातलं. हा मुद्दा नीट पकडला तर वारसा म्हणून फारसी शिकवण्याची निम्मी वाट सोपी होते. तो सुटला तर हुशार मुलंही दोनतीन महिन्यांत वर्ग सोडतात.

१९७९ची क्रांती आणि त्यानंतरचं १९८० ते १९८८चं इराक-इराण युद्ध या काळात इराणी कुटुंबं मोठ्या संख्येने बाहेर पडली. लॉस एंजेलिसचा वेस्टवुड भाग, ज्याला लोक 'तेहरांजेलिस' म्हणतात, टोरंटोच्या उत्तर भागातला यंग स्ट्रीट, नॉर्थ व्हँकुव्हर, हॅम्बुर्ग, स्वीडनमधली मोठी शहरं. आता तिथे नातवंडं शाळेत जातात. शिकवण्याची सोय तीन तऱ्हांची असते. समाजाने चालवलेले शनिवार-रविवारचे दोनतीन तासांचे वर्ग हे सगळ्यात जास्त. स्वीडनमध्ये १९७७च्या सुधारणेपासून मुलांना घरची भाषा शिकवणं ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. पालिकेच्या हद्दीत त्या भाषेची किमान 5 मुलं हवीत आणि योग्य शिक्षक मिळायला हवा. तिसरी सोय अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत: घरात फारसी ऐकत वाढलेल्यांसाठी वेगळी तुकडी.

ती वेगळी तुकडी हवीच, असं माझं ठाम मत आहे. घरात फारसी ऐकलेल्या मुलाला शून्यापासून शिकणाऱ्यांबरोबर बसवलं की दोघांचंही नुकसान होतं. या मुलाला घशातला 'ख' आणि 'घ' सहज येतो. रागावण्याचे, लाडाचे, जेवणाचे सगळे शब्द येतात. 'उठ, दात घास, जाकीट घाल' हे त्याला झोपेतही कळतं. पण 'हवामान', 'निवडणूक', 'करार' यांतला एकही शब्द येत नाही, आणि वाचन शून्य. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत त्याची पातळी कळू शकते. काल काय केलंस ते सांगायला लावा: भूतकाळ बरोबर येतो का. पाहुणे आजोबा आलेत असं समजून दार उघडायला लावा: 'तो' म्हणतो की 'शोमा', म्हणजे तू की तुम्ही. मग तीन शब्द वाचायला द्या: 'खाने', 'मीरवम', 'बारान'. अक्षरं येत असूनही अर्थ लागला नाही, तर मुलाला फारसी येत नाही असा त्याचा अर्थ नाही. त्याला दोन रूपांमधला पूल माहीत नाही.

शिक्षक या दोन रूपांना 'गोफ्तारी' आणि 'नेवेश्तारी' म्हणतात, बोलण्यातलं आणि लिहिण्यातलं. पूल थोड्याच नियमांचा आहे.

सगळ्यात मोठा नियम: 'आन' आणि 'आम' मधला 'आ' बोलताना 'ऊ' होतो. खाने-खूने, नान-नून, बारान (पाऊस)-बारून, जबान-जबून, हम्माम-हम्मूम. आपला बदाम तेहरानच्या घरात 'बादूम' असतो. नियम कळला की मुलं तो सगळीकडे लावत सुटतात, आणि इथे चूक होते. पायान (शेवट), जहान (जग), दास्तान (गोष्ट) हे पुस्तकी वळणाचे शब्द बोलतानाही बदलत नाहीत, आणि ईरान सहसा ईरानच राहतं. रोजच्या वापरातले शब्द बदलतात, पुस्तकातून आलेले नाही, एवढं सांगितलं तरी बरंचसं भागतं. उरलेले शब्द कानाने शिकायचे.

दुसरा नियम क्रियापदांचा. ही सात रूपं भिंतीवर लावावीत, डावीकडे लिहिण्यातलं, उजवीकडे बोलण्यातलं:

मीरवम – मीरम (जातो)
मीगूयम – मीगम (म्हणतो)
मीदहम – मीदम (देतो)
मीआयम – मीयाम (येतो)
मीखाहम – मीखाम (मला हवंय)
मीतवानम – मीतूनम (मला जमतं)
मीगोजारम – मीजारम (ठेवतो)

मराठी वाचकासाठी एक खुलासा: यातलं सुरुवातीचं 'मी' म्हणजे आपलं 'मी' नव्हे. ते क्रिया चालू असल्याचं चिन्ह आहे. 'मी जातो' मधला 'मी' बसलाय शेवटच्या 'म' मध्ये. हीच सात क्रियापदं घरात दिवसाला शंभरदा येतात, आणि नेमकी त्यांचीच लिखित रूपं सगळ्यात अनोळखी दिसतात. नियमित क्रियापदं इतकी छळत नाहीत. 'मीकोनद' (तो करतो) चं 'मीकोने' होतं, 'मीकोनंद' चं 'मीकोनन', एवढंच.

बाकीचे नियम छोटे. 'खूब अस्त' (चांगलं आहे) चं 'खूबे'. कर्माला लागणारा 'रा' बोलताना 'रो' किंवा नुसता 'ओ' होतो: 'केताब रा' चं 'केताबो'. अनेकवचनाच्या 'हा' मधला 'ह' गळतो: 'केताबहा' चं 'केताबा'. 'तुझं पुस्तक' लिहिताना 'केताबत', बोलताना 'केताबेत'. आणि शब्दांचा क्रम: लिहिताना 'बे खाने रफ्तम', बोलताना 'रफ्तम खूने'. जिथे गेलो ते ठिकाण क्रियापदाच्या मागे जातं आणि 'बे' हे अव्यय गळून पडतं.

हे शिकवताना एक शब्द वर्गात येऊ देऊ नये: 'गलत'. 'खूने' गलत, 'खाने' बरोबर, असं शिक्षकाने एकदा म्हटलं की मूल घरी जाऊन आईला सांगतं की तू चुकीची फारसी बोलतेस. किंवा त्याहून वाईट, स्वतः बोलणंच बंद करतं. दोन्ही रूपं बरोबर आहेत, जागा वेगळ्या. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करावेत, गोफ्तारी आणि नेवेश्तारी, आणि पहिलं वर्षभर प्रत्येक नवा शब्द दोन्हीकडे लिहावा.

याचा सगळ्यात उपयोगी सराव फोनवर तयार मिळतो. आजीचा किंवा आत्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज घ्यायचा. मुलाने तो जसा ऐकू येतो तसा डाव्या रकान्यात उतरवायचा: 'फर्दा मीरीम खूने-ये अम्मे', उद्या आपण आत्याच्या घरी जाऊ. मग उजवीकडे: 'फर्दा बे खाने-ये अम्मे मीरवीम'. मग उजवीकडचं वाक्य बातम्या देणाऱ्याच्या आवाजात मोठ्याने वाचायचं. मुलांना हे शेवटचं फार आवडतं, आणि लिखित भाषेचा सूर कानात बसतो तो इथेच. अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा मेसेज घेऊ नये. उतरवण्यातच मूल दमतं आणि रूपांतर राहून जातं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात किंवा लंडनमध्ये मुलांना मराठी शिकवणाऱ्यांनी हा दोन रकान्यांचा भाग वाचून आपली पुस्तकं तपासून पाहावीत. घरी 'असं झालं', पुस्तकात 'असे झाले'. आपल्याकडचं अंतर फारसीइतकं मोठं नाही, पण वाचताना मूल अडखळतं ते त्याच जागी.

आता लिपी. फारसीची अक्षरं 32: अरबीची 28, शिवाय पे, चे, झे आणि गाफ ही चार. त्यांतली सात (अलिफ, दाल, जाल, रे, जे, झे, वाव) पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. आठवड्याला दोन अक्षरं धरली तर 16 आठवडे लागतात. वर्णमालेच्या क्रमाने मात्र जाऊ नये. बे, पे, ते, से ही चारही अक्षरं म्हणजे एकच होडी, फरक फक्त नुकत्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. ओळीने शिकवली की मुलं महिनाभर ठिपकेच मोजत बसतात, आणि 'से' तर क्वचित लागतं. ज्या अक्षरांतून लगेच ओळखीचे शब्द बनतात ती आधी. इराणच्या पाठ्यपुस्तकाने 'बाबा आब दाद' ने सुरुवात केली ती याच हिशेबाने.

ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, याची पालकांना उगीच धास्ती असते. त्याच तीन अक्षरांत 'मर्द' (पुरुष) आणि 'मोर्द' (मेला), दोन अक्षरांत 'गोल' (फूल) आणि 'गेल' (चिखल). शून्यापासून शिकणाऱ्या परक्या माणसाला हे डोकेदुखीचं, पण घरी फारसी ऐकलेल्या मुलाला नाही. बागेत 'गोल' फुलतो आणि बुटाला 'गेल' लागतो हे त्याला आधीच माहीत असतं. म्हणून अक्षरांच्या वर-खाली स्वरचिन्हं दिलेला मजकूर फार काळ वापरू नये. वाक्यं वाचायला लागलं की चिन्हं काढून टाकावीत, नाहीतर मूल त्यांच्यावर टेकून राहतं. (वरच्या चिन्हाला इराणी शिक्षक जबर म्हणतात, खालच्याला जीर. 'जबर' म्हणजे वर, 'जीर' म्हणजे खाली. आपल्या 'जेरीस आणणं' मधला जेर तो हाच.)

खरं कठीण वेगळंच आहे. एका आवाजाला अनेक अक्षरं. 'जमीन' मधल्या ज चा आवाज चार अक्षरांनी लिहितात, स तीन (सीन, साद, से), त दोन, ह दोन. घरी फारसी बोलणाऱ्या मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका बहुतेक इथेच होतात, कारण ती कानाने लिहितात. घोकंपट्टीने फार साधत नाही. शब्दांची कुटुंबं दाखवावीत. 'एल्म' (विद्या), 'आलेम', 'मालूम', 'तालीम', 'मोअल्लेम' (शिक्षक) हे एकाच अरबी धातूचे, सगळ्यांत तेच ऐन, लाम, मीम. एक पाठ झाला की पाच सुटले. अस्सल फारसी शब्दांत साधं सीन आणि साधं जे येण्याची शक्यता जास्त. 'सद' (शंभर) आणि 'शस्त' (साठ) हे मात्र फारसी असूनही साद या अक्षराने लिहितात, ते वेगळे पाठ करायचे.

स च्या अक्षरांसाठी नवरोजइतका चांगला धडा नाही. मार्चच्या 20-21 तारखेला घरोघरी 'हफ्त-सीन' मांडतात, 'सीन' अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू: सब्जे (उगवलेले गहू), समनू (गव्हाच्या अंकुरांचा गोड पदार्थ), सेंजेद (एक सुकं फळ), सीर (लसूण), सीब (सफरचंद), सोमाक (आंबट मसाला), सेरके (शिरका). टेबलावर वस्तू, समोर मुलाने लिहिलेली चिठ्ठी. मग विचारायचं: साबणाला 'साबून' म्हणतात, तो इथे चालेल का? नाही, तो साद ने लिहितात. 'सेक्के', म्हणजे नाणं, आपला शिक्का? चालेल, सीन आहे, आणि पुष्कळ घरांत ठेवतातही. त्या दिवशी ठरलेलं सीन आणि साद मूल विसरत नाही.

टंकलेखनाबद्दल थोडक्यात. मुलं आजीला रोमन लिपीत फारसी लिहितात, तिला 'फिंग्लिश' म्हणतात. त्यावर बंदी घालून उपयोग नाही, पण अ आणि आ चा भेद त्यात बुडतो आणि शुद्धलेखन कधीच बसत नाही. वाचन सुरू झालं त्याच आठवड्यात फोनवर फारसी कळफलक टाकून द्यावा. अरबी कळफलक टाकू नये. त्यातले 'ये' आणि 'काफ' दिसायला जवळजवळ सारखे पण आतून वेगळे असतात. मग मुलाने लिहिलेला शब्द शोधात सापडत नाही आणि का ते कोणालाच कळत नाही. दुसरी गोष्ट 'नीम-फासेले', अर्धी मोकळी जागा. 'मीरवम' मध्ये 'मी' सुटं दिसायला हवं पण शब्द तुटायला नको. संगणकावर 'पर्शियन (स्टँडर्ड)' मांडणीत शिफ्ट दाबून स्पेस दिली की ती येते. मराठीत 'पिढ्यान्‌पिढ्या' मधला पाय मोडलेला न् पुढच्या प ला चिकटू नये म्हणून जे अदृश्य चिन्ह लागतं, तेच हे.

व्याकरणापेक्षा जास्त नाती बिघडवतं ते 'तआरोफ', म्हणजे बोलण्यातला मान आणि आग्रह. मुलाने घरात फक्त 'तो' (तू) ऐकलेलं असतं, म्हणून ते सत्तर वर्षांच्या पाहुण्यालाही 'तो' म्हणतं आणि आईबाप ओशाळतात. हे समजावून येत नाही, वठवूनच येतं. फळांची ताटली घ्यायची. यजमान म्हणतो 'बेफरमायीद', घ्या ना. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा नको म्हणतो, तिसऱ्या आग्रहाला घेतो आणि म्हणतो 'दस्त-ए शोमा दर्द नकोने', तुमचा हात न दुखो. त्यावर उत्तर: 'सर-ए शोमा दर्द नकोने', तुमचं डोकं न दुखो. मग भूमिका बदलायच्या. यजमान झालेली मुलं पहिल्याच नकाराला ताटली मागे घेतात, आणि नेमकं तेच दुरुस्त करायचं असतं. 'बेफरमायीद' चे चारही उपयोग दाखवावेत: आत या, बसा, घ्या, आणि फोनवर 'बोला'.

नात्यांच्या शब्दांत मात्र मराठी माणसाला फारसी लगेच आपली वाटेल. अमू म्हणजे काका, अम्मे आत्या, दायी मामा, खाले मावशी. दोख्तर-अम्मे ही आतेबहीण, पेसर-दायी हा मामेभाऊ, पेसर-खाले मावसभाऊ. इंग्रजीत हे सगळे दोनतीन शब्दांत कोंबलेले असल्याने परदेशातलं मूल सगळ्यांना एकच करून टाकतं. घरातल्या फोटोंवर नावासकट नातं लिहून चिकटवणं हा अगदी साधा उपाय, आणि तो लागू पडतो.

इंग्रजी शब्दाला 'कर्दन' (करणं) जोडून क्रियापद बनवण्यावरून पालक फार चिडतात. 'मूव्ह कर्दन', 'कॅन्सल कर्दन'. माझ्या मते चिडू नये. फारसीने अरबी शब्द असेच पचवले, आपणही गाडी 'पार्क करतो'. लक्ष द्यायचं ते जिथे 'कर्दन' चालत नाही तिथे. बोलणं म्हणजे 'हर्फ जदन', अक्षर मारणं. पडणं म्हणजे 'जमीन खोर्दन', जमीन खाणं. सर्दी होणं म्हणजे 'सर्मा खोर्दन', थंडी खाणं. मुलं 'हर्फ कर्दन' म्हणून टाकतात. 'खोर्दन' ची क्रियापदं एका दिवशी, 'जदन' ची दुसऱ्या दिवशी, अशी गटाने आणि अभिनयासकट घ्यावीत.

वर्गात अफगाण मूल असेल तर आधी चौकशी करावी. १९६४च्या अफगाण राज्यघटनेपासून तिथल्या फारसीला अधिकृतपणे 'दरी' म्हणतात. तिच्यात शाळा 'मकतब', इराणात 'मद्रेसे'. दवाखाना 'शफाखाना', इराणात 'बीमारेस्तान'. खुर्ची 'चौकी', इराणात 'संदली'. काबूलचं मूल सिंहाला 'शेर' म्हणतं आणि दुधाला 'शीर'. इराणात दोन्ही 'शीर'च. जुना उच्चार काबूलने राखलाय, आणि हिंदुस्थानात फारसी आली तीही तोच घेऊन, म्हणून आपल्या ओळखीचा तो 'शेर'. अशा मुलाला इराणी शिक्षकाने 'सुधारणं' हा अन्याय आहे. स्वीडनमध्ये दरी आणि फारसी वेगवेगळ्या शिकवतात, ते योग्यच. जिथे तशी सोय नसेल तिथे निदान वहीत तिसरा रकाना हवा.

मुंबई-पुण्यालाही हा विषय परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यज्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांपैकी जरथुस्त्री घरांत एक वेगळी बोली होती, तिलाही 'दरी'च म्हणत. अफगाण दरीशी तिचा संबंध नाही. ती लिहिली जात नव्हती. पारशी समाजात मिसळताना पुढच्या पिढ्यांनी गुजराती उचलली, आणि बोली म्हाताऱ्या माणसांपुरती उरली. याच मुंबईत १९३३ साली अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने पहिला फारसी बोलपट तयार केला. इथल्या स्टुडिओत फारसी होती. इराण्यांच्या मुलांसाठी मात्र ती घरातून सरकत गेली.

शेवटी हस्ताक्षर, कारण ते सगळ्यात उशिरा आठवतं. छापील मजकूर अस्खलित वाचणारं मूल आजीचं पत्र वाचू शकत नाही. हाताने लिहिताना सीन चे दात जाऊन नुसती लांब रेघ उरते, दोन नुकत्यांची एक आडवी रेघ होते, तिन्हींचा छोटा कोन. दुसऱ्या वर्षी दर आठवड्याला हाताने लिहिलेल्या पाच ओळी वाचायला द्याव्यात, आणि त्या शिक्षकाने नव्हे, घरच्या माणसाने लिहिलेल्या असाव्यात. सामानाची यादी उत्तम. आजीने यादी लिहावी, मुलाने ती दुकानात वाचावी. आजी कागदावर 'नान' लिहील आणि लिहिता लिहिता तोंडाने 'नून' म्हणेल. मुलाने त्या वेळी तिच्या शेजारी बसलेलं असावं.